भरतीमापकाचे ऋण

१/ मुंबईच्या अपोलो बंदरावरील भरतीमापकाच्या नोंदी १८७८ पासून उपलब्ध आहेत. वसाहतकालीन सरकारने हा खर्च केला, तो जहाजांना भरती-ओहोटीची वेळ आधी कळावी म्हणून. हवामानबदल तेव्हा कुणाच्या ध्यानीमनीही नव्हता.

२/ आज त्याच नोंदी हिंदी महासागराच्या वाढत्या पातळीच्या मोजक्या दीर्घ पुराव्यांपैकी एक आहेत.

३/ २०२१ मध्ये केंद्राने ‘डीप ओशन मिशन’साठी पाच वर्षांकरिता ४,०७७ कोटी रुपये मंजूर केले. ‘मत्स्य ६०००’ पाणबुडीचे कौतुक व्हावेच. परंतु उपकरणाची खरेदी हा केवळ आरंभ होय. नोंदीत पडलेला खंड पुढे कितीही पैसा ओतून भरून निघत नाही. म्हणून देखभालीसाठी स्वतंत्र आणि अखंड निधी हवा, असे माझे मत आहे.