भाकीत नव्हे, वेळेवर निदान

दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्रात काम करणाऱ्याला हे सांगावे लागत नाही की, भट्टीत हवा कमी पडली की कोळसा अर्धवट जळतो आणि उष्णता वाया जाते. शरीरातील पेशींचा व्यवहारही याच जातीचा आहे. प्राणवायू कमी पडला की निरोगी पेशी आपल्या कामाचा वेग आवरते आणि तो फार काळ मिळाला नाही तर मरते. कर्करोगाच्या पेशीचे वेगळेपण असे की, ती या टंचाईतही तग धरते. एवढेच नव्हे, तर टंचाईतूनच अधिक कडवी होऊन बाहेर पडते. अन्ननलिकेच्या कर्करोगात या टंचाईच्या खुणा शोधून रुग्णाचे भवितव्य वर्तविता येईल काय, हा गेल्या वीस-पंचवीस वर्षांतील संशोधनाचा एक विषय झाला आहे.

रक्तवाहिनीतून निघालेला प्राणवायू मिलिमीटरच्या एक-दोन दशांशापलीकडे पोहोचत नाही. गाठ वेगाने वाढते, रक्तवाहिन्या मागे पडतात आणि गाठीचा काही भाग प्राणवायूवाचून राहतो. टॉमलिन्सन व ग्रे या ब्रिटिश संशोधकांनी १९५५ साली फुफ्फुसातील गाठींच्या अभ्यासातून हे दाखवून दिले. अशा वेळी पेशीत ‘एचआयएफ-१ अल्फा’ नावाचे प्रथिन साचू लागते. प्राणवायू पुरेसा असेल तेव्हा ते तयार होताच नष्ट केले जाते. तो घटला की ते टिकते आणि नव्या रक्तवाहिन्या काढणे, अधिक साखर ओढून घेणे, साचलेल्या आम्लाची विल्हेवाट लावणे या कामांची जनुके चालू करते. ही यंत्रणा उलगडल्याबद्दल केलिन, रॅटक्लिफ व सेमेन्झा यांना २०१९ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

अन्ननलिकेतून काढलेल्या तुकड्यात या प्रथिनाचे प्रमाण अधिक असेल, तर असे रुग्ण सरासरीने कमी जगतात, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणांतून दिसून आले आहे. त्याचे एक कारण समजण्याजोगे आहे. प्राणवायू नसलेल्या पेशी मारण्यास किरणोपचाराची मात्रा जवळजवळ तिप्पट लागते. परंतु सरासरी म्हणजे व्यक्ती नव्हे. गाठीच्या एका कोपऱ्यात प्राणवायूची टंचाई असते, दुसऱ्या कोपऱ्यात नसते. तपासणीला येतो तो कणभर तुकडा. किती रंग उमटला म्हणजे प्रमाण ‘अधिक’ म्हणावयाचे, याचा मापदंडही सर्व प्रयोगशाळांत एक नाही. म्हणूनच ही चाचणी आज नेहमीच्या उपचारपद्धतीचा भाग झालेली नाही.

येथे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला बोलण्याचा अधिकार पोहोचतो. माहितीचे मूल्य तिच्या नवलाईवरून ठरत नाही. त्या माहितीमुळे कोणता निर्णय बदलतो, यावरून ठरते. उद्या एखाद्या शेतकरी कुटुंबाने कर्ज काढून ही चाचणी करवून घेतली आणि ‘लक्षण वाईट’ एवढेच उत्तर मिळाले, तर त्या कुटुंबाच्या हाती काय आले? उपचार तोच, खर्च वाढलेला आणि आशा घटलेली. औषध नसलेल्या ठिकाणी विकलेले भाकीत हे पत्रिका पाहण्याहून फारसे वेगळे नाही.

याचा अर्थ हे संशोधन निरुपयोगी आहे, असा मुळीच नाही. याच यंत्रणेच्या ज्ञानातून निघालेले बेल्झुटिफान हे औषध अमेरिकेत २०२१ साली मूत्रपिंडाच्या गाठींसह एका आनुवंशिक विकारावर मान्य झाले. डेन्मार्कमध्ये घशाच्या कर्करोगात किरणोपचाराबरोबर निमोरॅझोल हे औषध अनेक वर्षे दिले जाते. मात्र २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत, प्राणवायूची टंचाई असलेल्या गाठींतही त्याचा अधिक लाभ आढळला नाही. म्हणजे खूण सापडणे आणि उपाय सापडणे यांत अद्याप मोठे अंतर आहे. ते अंतर कापण्याचा खर्च संशोधनसंस्थांनी सोसावयाचा आहे, रुग्णाने नव्हे.

रुग्णाचे भवितव्य आज ठरते ते दुसऱ्याच एका गोष्टीने, आणि ती म्हणजे विलंब. अन्ननलिका लवचिक असते. घास अडकू लागतो तोवर तिचा मार्ग बराच अरुंद झालेला असतो. आधी भाकरी उतरत नाही, मग भात उतरत नाही, शेवटी पाणीही जड जाते. या दरम्यान पित्ताच्या गोळ्या खाण्यात आणि भाकरी कालवणात भिजवून वेळ मारून नेण्यात महिने जातात. भुसावळहून रेल्वेने सुमारे साडेचारशे किलोमीटर दूर असलेल्या मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाची पायरी रुग्ण चढतो, तेव्हा शस्त्रक्रियेची वेळ अनेकदा टळून गेलेली असते.

धुळे जिल्हा २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेच्या पहिल्या टप्प्यात होता. तीच योजना पुढे महात्मा फुले जनआरोग्य योजना झाली. तिने असंख्य कुटुंबांना आधार दिला, हे मान्यच केले पाहिजे. परंतु तिचा भर रुग्णालयात दाखल करून करावयाच्या उपचारांवर आहे. दाखल होण्यापूर्वीचा, निदानापर्यंतचा रस्ता गरिबाला बहुधा स्वतःच्या पैशाने चालावा लागतो. धुळ्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावात २०१८ पासून आहे. घास अडकतो अशी तक्रार सांगणाऱ्या प्रत्येक प्रौढ रुग्णाची दुर्बिणीतून तपासणी दोन आठवड्यांच्या आत व विनामूल्य होईल, असा नियम या संस्थांच्या आधारे करणे अशक्य नाही.

स्वस्त उपायांना कमी लेखण्याचे कारण नाही. टाटा रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांकरवी सौम्य अ‍ॅसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधील आम्ल, लावून गर्भाशयमुखाची तपासणी केली. त्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे २०१३ साली जाहीर झाले. अन्ननलिकेसाठी इतका सोपा मार्ग नाही. तरीही चीनच्या अतिजोखमीच्या भागांत दुर्बिणीतून आयोडिन फवारून रोगट जागा ओळखतात व त्यामुळे मृत्यू घटले आहेत. आपल्याकडे सरसकट सर्वांची तपासणी परवडणार नाही. परंतु तंबाखू, विडी व मद्य यांच्या आहारी गेलेल्यांची आणि तक्रार असलेल्यांची तपासणी परवडेल.

आणि प्राणवायूचाच प्रश्न असेल, तर एक उपाय फुकटचा आहे. धुरातील कार्बन मोनॉक्साइड रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटवतो. किरणोपचार चालू असताना धूम्रपान करीत राहिलेल्या डोके-मान कर्करोगाच्या रुग्णांना उपचाराचा लाभ कमी झाला, असे कॅनडातील अभ्यासाने १९९३ सालीच दाखविले. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे; ती टपरीपर्यंत पोहोचविणे आणि उपचार घेणाऱ्याच्या हातची विडी सोडविणे, यांस नव्या प्रयोगशाळेची गरज नाही. मृत्यूची तारीख अधिक अचूक सांगण्यावर खर्च करण्याआधी ती पुढे ढकलण्यावर खर्च करावा, एवढाच आरोग्याच्या अर्थशास्त्राचा पहिला धडा आहे.