पंखा बंद कर, गेम लावायचाय!

सोलापुरात मे महिन्यात पंखा बंद करायला सांगणारा माणूस एकतर वेडा असतो, नाहीतर त्याच्या डोक्यावर व्हीआर हेडसेट असतो. माझा मावसभाऊ दुसऱ्या कॅटेगरीतला. गेल्या उन्हाळ्यात अमेरिकेहून सुट्टीवर येताना त्याने मेटा क्वेस्ट ३एस आणला. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये हे मॉडेल आलं, तेव्हा तिकडे त्याची किंमत होती ३०० डॉलर.

गेम लावला ‘बीट सेबर’. दोन्ही हातांत प्रकाशाच्या तलवारी, गाण्याच्या ठेक्यावर समोरून ठोकळे येणार, आपण कापत सुटायचं. त्यासाठी साधारण साडेसहा फूट लांब-रुंद मोकळी जागा हवी. म्हणजे आमच्याकडे सोफा गॅलरीत! आणि हात वर गेला की पंखा आहेच. पहिल्या गाण्यातच चेहऱ्यावरचा फोम घामाने चिंब. सोलापुरी नॅपकिन असाही कामाला येतो तर!

पण खरं सांगू? लई मजा आली. हॉलमध्ये उभे आहोत हे मिनिटभरात विसरलो. आईने मात्र हौसेने रोलरकोस्टर लावला आणि मटकन खाली बसली. डोळे म्हणतात पळतोय, कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा म्हणते जागेवरच आहेस. या भांडणात पोट ढवळतं.

किमतीचं म्हणाल, तर सोनीचा पीएस व्हीआर२ भारतात डिसेंबर २०२४ मध्ये आला तो ६१,९९९ रुपयांना. वर पीएस५ वेगळा, म्हणजे लाख गेलेच. २०२३ मध्ये १,२९९ रुपयांचा जिओडाइव्ह आला होता; त्यात फोन खोचून आयपीएल बघायची. पण ते बघणं झालं, खेळणं नव्हे.

तरी माझ्या मते घोडं पैशांपाशी अडलेलं नाही. त्या दुपारी आम्ही सहा जण होतो. एकाच्या डोक्यावर हेडसेट, बाकीचे पाच “काय बे, काय दिसतंय?” विचारणारे. फोनवर त्याचा गेम दिसत होता, पण दुसऱ्याने खाल्लेला आंबा किती वेळ बघणार? भावाने हेडसेट काढला तर हॉल रिकामा. सगळे आत बेडरूममध्ये, पंखा फुल्ल, बीजीएमआय सुरू. बिचाऱ्याचा चेहरा बघवत नव्हता. एवढ्या लांबून त्याने तो आमच्यासोबत खेळायलाच आणला होता ना!

जाताना हेडसेट माझ्याकडे ठेवून गेला. तिकडे त्याच्याकडे आणखी एक आहे. दोन महिने माझा कपाटात, चादरींखाली. मग एकदा त्याच्या आग्रहाखातर ‘इलेव्हन टेबल टेनिस’ लावलं. टेबलापलीकडे नुसतं एक डोकं आणि बॅट. पण सर्व्हिसच्या आधी मान तिरकी करायची सवय? शंभर टक्के तोच! व्हिडिओ कॉलवर असं कधी झालं नव्हतं.

तेव्हा घरोघरी व्हीआर? इतक्यात नाही. घेण्याआधी एखाद्या गेम झोनमध्ये दहा मिनिटं खेळून बघा, पोट काय म्हणतंय ते कळेल. हां, जिवाभावाचं कुणी लांब असेल तर गोष्ट वेगळी.

आमची मॅच रविवारी सकाळी सातला. त्याची तिकडे शनिवारची रात्र असते, इकडे ऊन चढलेलं नसतं. तेवढा वेळ पंखा बंद चालतो.