मांडीवरचा पेशंट

दीड वर्षाच्या मुलाला घेऊन आई क्लिनिकमध्ये आली की आपल्यापैकी बरेचजण तिला दारातूनच वाटेला लावतात. ‘दुधाचेच दात, पडणारच आहेत. जरा मोठा होऊ द्या.’ मूल रडणार, वेळ जाणार, फी काय सांगायची हाही प्रश्नच. अडचणी खऱ्या आहेत. पण दुधाची दुसरी दाढ दहा-अकरा वर्षांपर्यंत तोंडात राहायची असते. ती चौथ्या वर्षीच काढावी लागली, तर सहाव्या वर्षी येणारी कायमची दाढ पुढे सरकून उपदाढेची जागा बळकावते. परीक्षेत हे आपण सगळ्यांनीच लिहिले आहे.

एवढ्या लहान मुलाला चेअर लागतच नाही. आईसमोर गुडघ्याला गुडघा लावून बसावे. मुलाचे तोंड आईकडे, डोके आपल्या मांडीवर, हात आईने धरलेले. रडले तर बरेच, तोंड आपोआप उघडते. वरचा ओठ उचलून पुढच्या चार दातांची हिरडीलगतची कड पाहावी. तिथे खडूसारखी पांढरी रेघ दिसली, तर कीड सुरू झाली आहे, खड्डा अजून पडलेला नाही. खालचे पुढचे दात बहुधा स्वच्छ असतात. जीभ आणि लाळ त्यांना सांभाळते. असे दिसले की रात्रीच्या बाटलीची चौकशी करावी, पण आईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नये. बाटलीत साखर पुष्कळदा आजीने घातलेली असते.

या टप्प्यावर ५ टक्के सोडियम फ्लोराइडचे वार्निश लावायला दोन-चार मिनिटे पुरतात. खड्डा पडला असेल, तर ३८ टक्के सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. भूल नको, ड्रिल नको. मात्र किडलेला भाग कायमचा काळा पडतो. आधी फोटो दाखवून लेखी संमती घेतली नाही, तर दुसऱ्या दिवशी बाबा भांडायला येतात आणि त्यांचे चुकतही नाही. नसेपर्यंत गेलेल्या किंवा सुजलेल्या दाताला हे चालत नाही. ते मूल बालदंततज्ज्ञाकडेच पाठवावे.

पेस्ट फ्लोराइडचीच सांगावी: तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी. ‘किड्स’ छापलेल्या काही ट्यूबमध्ये फ्लोराइड नसतेच. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडकडे मात्र आधी गावच्या पाण्यातल्या फ्लोराइडची चौकशी करावी.

२०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतली मुले वर्षातून दोनदा तपासली जातात, आणि तपासायच्या आजारांत दंतक्षयही आहे. पथकात डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट असतात, दंतवैद्य नसतो. ओठ उचलून काय पाहायचे, हे त्यांना एका दुपारी शिकवता येईल. त्यासाठी वरून आदेश यायची वाट पाहायला नको. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना भेटून तारीख ठरवावी.