शतक झाले, तरी नाव नाही

भिलाईच्या रुआबांधा सेक्टरपासून नवा रायपूरचे शहीद वीर नारायण सिंह स्टेडियम काही फार दूर नाही. पोलाद कारखान्याच्या नोकरीपायी विदर्भातून येऊन भिलाईत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांना ३ डिसेंबर २०२५ चा भारत-दक्षिण आफ्रिका सामना म्हणजे अंगणातले कार्यच! त्यात पुण्याच्या ऋतुराज गायकवाडने १०५ धावा केल्या. एकदिवसीय सामन्यातले त्याचे हे पहिलेच शतक. विराट कोहलीबरोबर त्याने १९५ धावांची भागी केली. भारताच्या ३५८ धावा झाल्या आणि तरीही सामना हातचा गेला, ही गोष्ट वेगळी.

विशाखापट्टणच्या पुढच्या सामन्यात सलामीवीरांनीच बहुतेक काम उरकले, ऋतुराजवर फलंदाजीची पाळीच आली नाही. आणि जानेवारी २०२६ मध्ये न्यूझीलंडविरुद्धच्या मालिकेसाठी संघ जाहीर झाला, तेव्हा त्यात ऋतुराजचे नाव नव्हते.

का बरे? हिशेब तसा सरळ आहे. मूळचा सलामीचा हा फलंदाज चौथ्या क्रमांकावर खेळला तो श्रेयस अय्यरच्या जागी. सिडनीच्या सामन्यात झेल घेताना अय्यरला गंभीर दुखापत झाली होती. तो बरा होऊन परतला, उपकर्णधारपदही त्याच्याकडेच होते. जखमी खेळाडूची जागा त्याची त्याला परत मिळावी, हा क्रिकेटमधला जुना रिवाज, आणि तो वाईट नाही. नाहीतर दुखणे लपवून खेळण्याचीच चढाओढ लागेल! पण पंधरा जणांत शतकवीराला एकही कोपरा सापडू नये? निवड समितीने इथे रिवाजाचा आधार जरा जास्तच घेतला, असे म्हणावेसे वाटते. प्रसिद्धीपत्रकात नावे असतात, कारणे क्वचितच. घरातल्या मुलाला सहलीला नेले नाही तर आई निदान दोन शब्द समजावून सांगते.

त्याच रायपूरच्या सामन्यात आणखी एक गंमत होती. याच मैदानावर २१ जानेवारी २०२३ रोजी रोहित शर्मा कर्णधार म्हणून नाणेफेकीला गेला, ती जिंकला आणि काय घ्यायचे तेच क्षणभर विसरला! पुढे न्यूझीलंडचा डाव १०८ धावांत आटोपला, म्हणून सगळे हसण्यावारी गेले. २०२५ मध्ये मात्र तो नुसता फलंदाज होता. मार्चमध्ये त्याच्या नेतृत्वाखाली भारताने चॅम्पियन्स करंडक जिंकला आणि ऑक्टोबरमध्ये अजित आगरकरच्या निवड समितीने एकदिवसीय संघाचे कर्णधारपद शुभमन गिलकडे दिले. २०२७ ची विश्वचषक स्पर्धा डोळ्यांसमोर होती, शिवाय तीन प्रकारांना तीन कर्णधार ठेवणे अवघड, असे आगरकरने सांगितले. पटो वा न पटो, पण निदान तोंडाने सांगितले. गिलची मान दुखावल्याने रायपूरला नाणेफेकीसाठी गेला तो के. एल. राहुल.

एवढेही सांगण्याची पद्धत पूर्वी नव्हती. भिलाईकरांना राजेश चौहान आठवत असेलच. भिलाईचा हा ऑफस्पिनर ३० सप्टेंबर १९९७ रोजी कराचीत फलंदाजीला उभा होता. शेवटच्या षटकात आठ धावा हव्या, गोलंदाज सकलेन मुश्ताक. पहिल्याच चेंडूवर चौहानने षटकार ठोकला आणि तीन चेंडू राखून भारत जिंकला. कर्णधार होता सचिन तेंडुलकर. त्याच महिन्यात टोरांटोत त्याच्या संघाने पाकिस्तानला ४-१ असे हरवले होते. पण लाहोरला मालिका गेली, डिसेंबरात शारजात एकही सामना जिंकता आला नाही आणि जानेवारी १९९८ मध्ये मोहम्मद अझरुद्दीन पुन्हा कर्णधार झाला. ही बातमी आपल्याला प्रसारमाध्यमांतून कळली, असे सचिनने पुढे आत्मचरित्रात लिहिले. संघ निवडताना कर्णधाराचे म्हणणे ऐकले जाते, मत मात्र त्याला नसते. पराभवाचे खापर तेवढे त्याच्या एकट्याच्या माथी.

चौहानचेही पुढे फार काही झाले नाही. त्याच्या गोलंदाजीच्या शैलीवर शंका घेतली गेली आणि १९९८ नंतर तो भारताकडून खेळला नाही. तो खेळला त्या २१ कसोटींपैकी एकही भारताने गमावली नव्हती.

ऋतुराजचे वय त्याच्या बाजूने आहे. न्यूझीलंडसाठी यादी लागली आणि काही दिवसांतच विजय हजारे करंडकात गोव्याविरुद्ध महाराष्ट्राची अवस्था ६ बाद ५२ अशी झाली. त्या डावात तो १३४ धावांवर नाबाद राहिला.