पूल बांधा, पण पुलावर कोण उभं आहे तेही सांगा

कॉम्प्युटर शिकलेल्या आपल्या तरुणांच्या तोंडी सध्या एक घोषणा आहे: व्हॉट्सॲप सोडा, जमातीचा स्वतःचा चॅट सर्व्हर उभा करा, ज्याला यायचं तो येईल.

सर्व्हर उभा करा, हे मला मान्य आहे. महिन्याला काहीशे रुपये भाड्याच्या मशीनवर सिनॅप्स हे मोफत सॉफ्टवेअर टाकलं की मॅट्रिक्सचा सर्व्हर चालतो. आपल्या बोलण्याची नोंद आपल्या हाती राहते, कुणा कंपनीने नियम बदलले म्हणून आपला गट रातोरात बंद होत नाही.

‘ज्याला यायचं तो येईल’ हे मात्र अजिबात मान्य नाही. देवरी-सालेकशाकडच्या खालाजान नवं ॲप टाकणार नाहीत. बटणाचा फोन वापरणारे चाचा तर येऊच शकत नाहीत. येतील ते, जे एरवीही रोज चौकात भेटतात. मग रक्ताची गरज, शिष्यवृत्तीची शेवटची तारीख, जनाज्याची वेळ हे सगळं पुन्हा जुन्याच ग्रुपवर जाईल आणि आपला सर्व्हर चार इंजिनिअरांचा कट्टा होऊन बसेल.

म्हणून पूल हवा. पूल म्हणजे दोन जाळ्यांमधला निरोप्या प्रोग्राम. १९८८ पासूनचं आयआरसी, १९९९ मध्ये जॅबर म्हणून सुरू झालेलं एक्सएमपीपी, व्हॉट्सॲप, अगदी फोनमधले एसएमएससुद्धा असे पूल मॅट्रिक्सला जोडतात. आपण इकडे लिहिलेलं चाचांच्या फोनवर एसएमएस म्हणून उतरू शकतं.

पण गोंदियाच्या माणसाला पुलाचा धोका समजावून सांगायला नको. आपल्या जंक्शनवर कैक वर्षं दोन रूळ भेटत होते: हावडा-मुंबईचा १६७६ मिलिमीटरचा ब्रॉडगेज आणि जबलपूरकडे जाणारा ७६२ मिलिमीटरचा नॅरोगेज. एकाचा डबा दुसऱ्यावर चालत नसे. माल उतरवायचा, हमालांनी वाहायचा, दुसऱ्या डब्यात भरायचा. चॅटच्या पुलावर हेच घडतं. व्हॉट्सॲपवर कुलूपबंद असलेला निरोप पुलावर उघडतो आणि मग पुढे जातो. तेवढ्या वेळात सर्व्हरची चावी ज्याच्याकडे, त्याला तो वाचता येतो. शिवाय ग्रुपमधल्या प्रत्येकाच्या नावाने आपल्या सर्व्हरवर एक सावलीखातं तयार होतं. खालाजानचं नाव, नंबर, बोलणं तिथे साठतं आणि त्यांना पत्ताही नसतो.

‘अरे, आपलाच पोरगा ॲडमिन आहे, काय बिघडलं?’ हे उत्तर मला सगळ्यात जास्त खटकतं. कंपनीवर अविश्वास दाखवायला आपण सर्व्हर उभा केला आणि मग एका पोरावर डोळे झाकून विश्वास टाकला. त्याचं लग्न होईल, तो पुण्याला नोकरीला जाईल, त्याचा लॅपटॉप चोरीला जाईल. जकात कुणाकुणाला दिली त्याची यादी त्या पुलावरून गेली असेल, तर ज्या घरांची अब्रू आपण राखायची तीच उघड्यावर येतील.

मोठमोठ्यांचे पूलही पडले आहेत. २०१३ मध्ये गूगलने हँगआउट्स आणलं आणि गूगल टॉकमधला एक्सएमपीपीचा खुला रस्ता त्यात ठेवला नाही. २०२३ मध्ये मॅट्रिक्स आणि लिबेरा चॅट या आयआरसी जाळ्यामधला अधिकृत पूल बंद झाला. अस्थिरता आणि खासगीपणा याच तक्रारी होत्या. व्हॉट्सॲपचा पूल तर ‘जोडलेलं उपकरण’ बनून आत शिरतो. कंपनीला ते मंजूर नाही, नंबर बंद होऊ शकतो. युरोपात मार्च २०२४ पासून कायद्याने व्हॉट्सॲपवर इतरांसाठी दार उघडण्याचं बंधन आहे. आपल्याकडे असा कायदा नाही. तो मागणं हेही नागरिक म्हणून आपलं काम आहे.

हिजरतच्या रात्रीचा वाकया आपण सगळे लहानपणापासून ऐकतो. हुजूर सल्लल्लाहु अलैहि वसल्लम मक्का सोडून निघाले, पण लोकांच्या ठेवी परत करायला हजरत अलींना मागे ठेवून गेले. त्या ठेवींत छळणाऱ्यांच्याही ठेवी होत्या. शहर सुटलं तरी अमानत सुटली नाही. व्हॉट्सॲप सोडणाऱ्यांनी एवढं तरी शिकावं: मागे राहिलेल्यांशी नातं तोडायचं नाही आणि त्यांचे शब्द हाती आले तर ते ठेव समजून सांभाळायचे.

तेव्हा पूल बांधण्याआधी तीन गोष्टी करा. ग्रुपमध्ये उर्दू, हिंदी, मराठीत स्पष्ट लिहा की इथे पूल आहे, चावी अमुकांकडे आहे, ज्याला नको त्याने सांगावं. आणि कुणी नको म्हटलं तर त्या ग्रुपवर पूल टाकू नका. चावी एकाकडे ठेवू नका, दोघा-तिघांकडे द्या, त्यांत एक बाई असू द्या, आणि जुन्या नोंदी ठरावीक दिवसांनी पुसा. पुलावरून फक्त जाहीर निरोप जाऊ द्या: तारखा, वेळा, जागा. जकात, घरगुती भांडणं, मुलींचे नंबर पुलाच्या अलीकडेच थांबवा.

एवढं जमत नसेल तर सर्व्हरचं नाव काढू नका. कंपनी आपल्याला ओळखत नाही. आपण मात्र एकमेकांच्या घरचं सगळं ओळखतो. म्हणून आपल्या हातून फुटलेली गोष्ट जास्त लागते.