सीरमची बाटली आणि चंद्रपूरची हवा

उन्हाळ्यात माझ्या खोलीतली ‘व्हिटॅमिन सी’ सीरमची बाटली महिन्याभरात तपकिरी झाली. अँटिऑक्सिडंट म्हणून आणलेली वस्तू स्वतःच ऑक्सिडाइज! उजेड, उष्णता आणि हवा लागली की हे जीवनसत्त्व टिकत नाही. आणि चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातोच.

ज्यांच्याशी लढायला ही बाटली घेतो, ते फ्री रॅडिकल्स आहेत तरी काय? एक इलेक्ट्रॉन एकटा पडलेले अस्थिर रेणू. ते शेजाऱ्याचा इलेक्ट्रॉन ओढतात, मग तो दुसऱ्याचा... साखळीच सुरू होते. त्यात पेशींची आवरणं आणि डीएनए बिघडतात, त्वचा घट्ट ठेवणारं कोलॅजन झिजतं. शरीर हे रेणू रोज बनवतं आणि आवरतंही. पण अतिनील किरणं, सिगारेट आणि प्रदूषित हवेने भर घातली, की ते कमी पडतं.

आता आपलं शहर बघा. २९२० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र, भोवती कोळसा खाणी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या यादीत चंद्रपूर ८३.८८ गुणांसह देशातल्या प्रदूषित औद्योगिक पट्ट्यांत चौथं होतं. अशा हवेचा चेहऱ्याशी संबंध असतो? जर्मनीच्या रूर या औद्योगिक पट्ट्यातल्या आणि शेजारच्या ग्रामीण भागातल्या सुमारे ४०० वयस्क महिलांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे काजळी आणि वाहनांचे सूक्ष्म कण जास्त, तिथे कपाळावर, गालांवर डागही जास्त दिसले.

गडचिरोलीत धुराडी कमी, पण ऊन तेच. मोहफुलं वेचायची, तेंदूपत्ता तोडायचा, पुडे बांधून फळीवर न्यायचे. हा सगळा हंगाम उन्हाळ्याचाच. तिथल्या मावशीला ‘दुपारी बाहेर पडू नका’ हा सल्ला कसा देणार? तिची मजुरीच उन्हात आहे.

म्हणून स्कार्फ बांधा, सनस्क्रीन लावा, आवळा खा, सिगारेट सोडा. हे सगळं खरंच उपयोगी आहे. पण धुराडं आणि ऊन यांचा हिशेब एकट्या चेहऱ्याने का चुकवायचा? ‘समीर’ ॲपवर आपल्या शहराची हवा रोज बघा. उन्हाळी पेपर सकाळी ठेवा म्हणून कॉलेजला निवेदन द्या. फळीवर सावली आणि पाणी मागणाऱ्यांच्या बाजूने बोला.

बाटली तर मी फेकून दिली. हवा कुठे फेकणार?