शिडाच्या होडीचा दोर

इंदूरपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. तरीही इंदूरशेजारच्या देवास जिल्ह्यातील नेहा ठाकूर या शेतकऱ्याच्या मुलीने २०२३ साली हांगचौच्या आशियाई क्रीडास्पर्धांत शिडाच्या होडीच्या शर्यतीत रौप्यपदक मिळविले. तिचे शिक्षण झाले ते भोपाळच्या मोठ्या तलावावर. किनाऱ्यावर जन्मलेल्यांनी तिचे कौतुक तर करावेच, पण ती होडी चालते कशाच्या बळावर, हेही पाहावे.

आयएलसीए-४ जातीच्या या होडीवर एकच शीड आणि एकच खलाशी असतो. डोलकाठी आवळून धरणाऱ्या तारा तिला नाहीत. शीड ताणणे, सैल सोडणे, सारे दोरांवर. भर वाऱ्यात बाहेर झुकून तोल सांभाळणाऱ्याच्या हातातला दोर तुटला, तर तो पाठीवर पाण्यात कोसळतो. मग वाऱ्याला बोल लावला जातो. वास्तविक त्या दोराचे मरण कितीतरी आधी, बहुधा काठावरच, सुरू झालेले असते.

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, ही म्हण आपण हट्टी माणसाला लावतो. उन्हात पडलेल्या दोराला ती अक्षरशः लागू पडते. स्वस्त आणि पाण्यावर तरंगणारा म्हणून पॉलिप्रॉपिलीनचा दोर सर्रास वापरतात. पण ऊन त्यालाच सर्वांत लवकर खाते. पीळ जसाच्या तसा दिसतो, जीव मात्र गेलेला असतो. नायलॉन भिजला की त्याची थोडी ताकद कमी होते. कप्पीवर दोर रोज त्याच जागी घासतो. गाठ मारली की तेथील बळ जवळजवळ निम्म्यावर येते, आणि जुना दोर तुटला की आपण काय करतो? आणखी एक गाठ मारतो!

तलावात निदान खारे पाणी नाही. आपल्याकडे दोर वाळला की मिठाचे खडे आणि वाळूचे कण धाग्यांत राहतात व आतून धागे कापतात. काथ्याचा दोर खाऱ्या पाण्याला पुरून उरे, जाडीच्या मानाने कमजोर असला तरी. नव्या दोराला मात्र गोड्या पाण्याची आंघोळ आणि सावली हवी. या बाबतीत भोपाळपेक्षा आपल्याला दक्षता अधिक लागते.

होडीच्या खरेदीला समारंभ होतो, नारळ फुटतो. दोर बदलण्याला कोणी हार घालीत नाही. म्हणूनच तो खर्च पुढे ढकलला जातो. होडीच्या किमतीपुढे तो किरकोळ, पण मुलांचा जीव त्याच्यावर टांगलेला. नौकानयन शिकविणाऱ्या प्रत्येक केंद्राने कोणता दोर कधी लावला याची वही ठेवावी, अधूनमधून दोर उलट्या टोकाने लावून झीज वाटून घ्यावी आणि दोरांसाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र रक्कम धरावी. सरकारनेही होड्यांना अनुदान देताना सुट्या दोरांचा एक संच त्यातच द्यावा. ही पाहणी नारळी पौर्णिमेच्या सुमारास, होड्या पाण्यात लोटण्यापूर्वी, झाली पाहिजे.